खराट्याचे ओरखडे

आजऱ्याजवळच्या जंगलात वाघ आहे का, हे विष्ठेतल्या डीएनएवरून शोधणाऱ्या संशोधिकेबरोबर मी बातमीसाठी फिरत होतो. वाघाची विष्ठा बहुधा पायवाटेवरच सापडते; तिचा नमुना स्पिरिटच्या बाटलीत भरून हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठवायचा होता. तीन दिवस बाटल्या रिकाम्याच राहिल्या. चौथ्या सकाळी पायवाटेवर खराट्याचे ओरखडे दिसले.

वाट दाखवणाऱ्या म्हाताऱ्या गुराख्याला मी विचारलं, "मामा, जंगलात कोण झाडतंय?"

"वारं की, पावणं."

"आणि वाघ?"

"न्हाय. सापडला तर सरकार रान बंद करंल. मग माझी म्हसरं काय तुमच्या हापिसात चरायची?"

संशोधिकेने वहीत 'नमुना नाही' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला न सांगता तासभर आधी निघालो. तरी वाट आमच्याआधीच झाडलेली होती. ओरखडे ताजे होते.