मेल्यात असं समजायच्या कोंबड्या

बर्ड फ्लूचं आमचं प्रशिक्षण लोणावळ्याच्या एका हॉटेलात झालं. मी मावळातल्या एका सरकारी गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. गावातले लोक मला डॉक्टरीणबाई म्हणतात आणि मी त्यांची चूक सुधारत नाही. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी सकाळभर बजावलं, की पुढची महामारी कोंबड्यांच्या खुराड्यातूनही येऊ शकते, तयारीत राहा. पण नीट शिजवलेलं चिकन खुशाल खा, लोकांची भीती घालवा. दुपारी जेवणात चिकन होतंच. ते भांडं शेवटपर्यंत काठोकाठ राहिलं. तज्ज्ञांनी पनीर घेतलं. मीही पनीरच घेतलं. जेवणानंतर निम्मी मंडळी भुशी धरणावर गेली आणि उरलेल्यांनी सगळ्यांच्या सह्या केल्या.

मग आदेश आला: प्रत्येकाने आपल्या भागात साथ आल्याची एक रंगीत तालीम करून फोटोंसह अहवाल पाठवावा. मी परंदवडी निवडलं आणि तिथल्या एका पोल्ट्रीवाल्याकडे शेड मागितली. त्याने हातच जोडले. "मॅडम, तुमी पांढरे झगे घालून हितं शिरला, की लोक म्हननार, तालीम कसली, खरंच आलंय. माझा माल कोन उचलनार न्हाई." त्याचं चुकत नव्हतं.

शेवटी शाळेचं मैदान ठरलं. कोंबड्या मात्र हव्या होत्या. शाळेमागे एक मावशी एकटी राहायची. तिच्याकडे दहा-बारा गावठी कोंबड्या होत्या. मी सहा मागितल्या.

"मारनार न्हाई न्हवं?"

"नाही हो मावशी. मेल्यात असं फक्त समजायचं."

"कुनी समजायचं?"

"आम्ही."

"मग समजा. कोंबड्यास्नी सांगू नका."

तालमीच्या दिवशी तालुक्याचे आमचे साहेब आले, सरपंच आले, त्यांच्यासोबत फोटोपुरते आणखी आठ-दहा जण आले. सगळ्यांना संरक्षक पोशाख हवा होता. पोशाख एकाच मापाचे. साहेबांचं पोट मावेना आणि माझे पाय त्यात सापडेनात. कोंबड्या मैदानभर दाणे टिपत होत्या. साहेब वैतागले, "अहो, मेलेल्या कोंबड्या हलतायत. फोटोत कसं दिसेल ते?" मग कोंबड्यांचे पाय सुतळीने बांधून त्यांना आडवं केलं. त्यातल्या एकीने तशा अवस्थेत अंडं घातलं.

बाधित क्षेत्रातली अंडी नष्ट करावीत, असं पुस्तिकेत होतं. साहेबांनी पुरण्यासाठी खणलेल्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यात मावशी बाधित क्षेत्राभोवती आखलेली चुन्याची रेघ ओलांडून आत आली आणि अंडं उचलून तिने पदरात घेतलं. "मेलेली कोंबडी अंडं घालती व्हय?"

"मावशी, रेघेच्या आत यायचं नाही!" साहेब ओरडले.

"का?" तिने मला विचारलं. मी सांगितलं. मग चुना कशाला, दोन पिशव्या कशाला, पाय धुवायचे ते आत जाताना की बाहेर येताना, सगळं तिने खोदून खोदून विचारलं. त्या दिवशी प्रश्न विचारणारी ती एकटीच होती. आमचा अहवाल "समाधानकारक" म्हणून मंजूर झाला.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. "डॉक्टरीणबाई, माज्या चार गेल्या. या खेपेला समजायचं न्हाई. खरंच गेल्या."

मी साहेबांना फोन करून पोशाख मागितले. सगळे तालमीत संपले होते; एकदा घातलेला पुन्हा वापरायचा नसतो. साहेब दुखावल्या आवाजात म्हणाले, "पण आपली तालीम तर झाली. अहवालही गेला. आता हे कुठून काढलंत?"

मी रेनकोट चढवला, करोनातला उरलेला मास्क आणि भांडी घासायचे हातमोजे घेतले, तळेगावच्या मासळीवाल्याकडून थर्माकोलच्या पेटीत नमुन्यांसाठी बर्फ भरून घेतला आणि परंदवडी गाठली. मावशीच्या अंगणाला दोरी बांधलेली होती. "थांबा. आदी पाय धुवा," ती आतून म्हणाली. मग मला वरून खाली बघून हसली, "लोहगड चढाया निगाल्यावानी दिसताय." पण तिचे डोळे सुजलेले होते. आजारी कोंबड्या तिने वेगळ्या कोंडल्या होत्या, मेलेल्या दुहेरी पिशवीत बांधून ठेवल्या होत्या. जित्या आहेत तोवर कापून खाऊ, असं म्हणत आलेल्या शेजाऱ्याला तिने हाकललं होतं. पिशवी मला देताना म्हणाली, "ह्यातली तुरेवाली माज्या खांद्यावर बसायची."

मी नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचते केले. बर्ड फ्लू निघाला नाही. निघाली मानमोडी, कोंबड्यांचा जुनाच आजार. साहेबांनी फोनवर "सुटलो!" म्हणून सुस्कारा सोडला. मीही हुरूपाने मावशीला सांगायला गेले, "मोठा आजार नाही मावशी, मानमोडीच आहे." तोवर तिच्या दोनच कोंबड्या उरल्या होत्या.

"ह्येच्यावर लस असती न्हवं?" तिने विचारलं.

असते. ती दोन महिन्यांपूर्वी आमच्या दवाखान्यात आलीही होती. पण फ्रीजमध्ये बर्ड फ्लूच्या संभाव्य नमुन्यांसाठी जागा राखून ठेवायचा आदेश होता, म्हणून ती परत पाठवली गेली. परत पाठवल्याच्या कागदावर सही माझी होती. मी हे तिला सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघवलं नाही.

तिने उरलेल्या दोघींपुढे मूठभर दाणे टाकले. मग म्हणाली, "आता लस कदी येनार?"

"फ्रीज आजच रिकामा करते. परवा येईल."

"मग सकाळच्या पारी या. ऊन चडलं की कोंबड्या रानात पांगत्यात."

ठरल्या दिवशी मी सकाळी सातला पोचले. मावशीने घरोघर हिंडून अख्ख्या आळीच्या कोंबड्या डालग्यांखाली झाकून ठेवल्या होत्या, आणि पहिली कोंबडी धरून ती माझी वाट बघत होती.