धावपट्टीशेजारचं पाचट

ऊस तुटून गेला होता आणि घरामागच्या रानात सगळं पाचट पडलं होतं. कोपरगावकडच्या आमच्या शिवारात विमानतळ झाल्यापासून त्याच्या भिंतीजवळ काही पेटवायचं नाही, असं ग्रामपंचायतीनं दोनदा बजावलं होतं. मी म्हणायची, रान आमचं, पाचट आमचं, विमानाला वर जागा काय कमी आहे? त्या दिवशी आमची मुलगी तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन हैदराबादहून विमानानं येणार होती. ती यायच्या आत रान मोकळं दिसावं, ही माझी घाई. आमचे हे म्हणाले, "आज नगं, वारं हाय." मी ऐकते कसली! ते जीप घेऊन तिला आणायला गेले आणि इकडे मी काडी लावली.

वारं फिरलं. बघता बघता धूर घरावरून, भिंतीवरून थेट धावपट्टीवर गेला. तेवढ्यात विमान आलं. उतरणाऱ्या विमानाचा आवाज आम्हाला पाठ झालाय. आधी बारीक होत जातो, मग चाकं टेकली की एकदम मोठी घरघर. या वेळी घरघर झालीच नाही. धुरातून विमानाचं पोट दिसलं, इतकं खाली की मी मटकन बसले, आणि ते किंचाळत पुन्हा वर गेलं.

अगं बाई! लेकीच्या आणि त्या तान्ह्या जिवाच्या वाटेत मीच धूर केला होता. ओलं पोतं घेऊन वेड्यासारखी आग बडवत सुटले. पाय भाजले ते कळलंही नाही. विमान परत आलं, परत वर गेलं, आणि मग आवाजच येईना. मी देवाला शिव्या दिल्या, मग त्यालाच हात जोडले, मग स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. आग विझली तरी आभाळ रिकामंच. मुलीचा फोन बंद. तिकडे ह्यांनाही कुणी धड काही सांगेना.

तासाभरानं तिचा फोन आला. विमान संभाजीनगरला उतरवलं होतं. मला माफी मागायची होती, पण ती बोलूच देईना. नुसती रडत होती.

"आई, तू बरी हायस ना? खरं सांग! वरनं आपली विहीर दिसली, अन् घरावर नुसता धूर. मला वाटलं घर पेटलं, अन् तू आत हायस."

मी बरी आहे, एवढंच म्हणाले. पेटवलं मीच, हे सांगायला तोंडच उघडेना.