कढणाची पातेली

पंचवटीतून भाजी घेऊन संध्याकाळी घरी परतले, तर लिफ्ट बंद. दोन्ही हातांत जड पिशव्या, थंडीने बोटं आखडलेली, लिफ्टला आणि सोसायटीच्या चेअरमनना मनातल्या मनात बोल लावत जिना चढायला लागले आणि पहिल्याच वळणावर तो वास आला. तुपात तडतडलेलं जिरं, त्यावर हिंगाची चिमूट, आणि त्या दोघांच्या मागून दबकत येणारा, शिजून मऊ झालेल्या मुगांचा ओलसर, कोमट वास. कढण! माझं पाऊल थबकलं. कोणाच्या घरी बरं नाही? कढणाच्या वासाबरोबर हा प्रश्न माझ्या मनात आपोआप उमटतो, इतकी वर्षं झाली तरी. पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या दाराशी कान दिला. आतून टीव्हीचा आवाज आणि उदबत्तीचा वास. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी बोंबील तळत होतं. तिथे तर आजारपणाचा प्रश्नच नव्हता. वास मात्र वर वरच चालला होता. तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं, त्यातल्या एकाला गेल्या महिन्यापासून कुलूप. उरलं ते आमचं.

आत नवरा गॅससमोर उभा होता, हातात डाव, चष्म्यावर वाफ. आम्ही एका कॉलेजातले, त्यामुळे अहो-जाहो आम्हाला कधी जमलं नाही.

"अरे, हे काय चाललंय?"

"काही नाही गं. सकाळपासून कढण प्यावंसं वाटत होतं. म्हटलं, तू येईपर्यंत करून बघावं."

"बरं वाटत नाहीये का?"

"मस्त आहे मी. इच्छा झाली, एवढंच."

मी पिशव्या खाली ठेवल्या. गॅसवर आईची पातेली होती. ट्रॉलीच्या तळाशी, सगळ्या डब्यांच्या मागे मी पालथी घालून ठेवलेली पितळी पातेली त्याने शोधून काढली होती, आणि त्याला वाटत होतं की आपण फक्त बेताच्या आकाराचं एक भांडं घेतलंय.

माझ्या माहेरी कढण हा पदार्थ नव्हता, ते औषध होतं. त्याचं भांडंसुद्धा वेगळं. बुडाशी जराशी चेपलेली, आतून कल्हई केलेली ही पातेली आईच्या मांडणीवर सगळ्यात वरच्या फळीला पालथी असायची. घरात कोणाला ताप भरला, पोट बिघडलं, की आई स्टुलावर चढून ती खाली काढायची आणि सुलटी करायची. मग ते माणूस उठून नीट पोळीभाजी खायला लागेपर्यंत पातेली ओट्यावर सुलटीच. बरं वाटलं की आई तिला चिंच लावून लखलखीत घासायची, गच्चीत उन्हात वाळवायची आणि पुन्हा वर पालथी घालायची. "पातेली पालथी, तर घर सुलटं," असं ती म्हणे. ही म्हण तिने स्वतःच पाडलेली होती, मला ती दुसऱ्या कोणाच्या तोंडी कधी ऐकू आली नाही. कोणी आजारी नसताना कढण करायचं नाही, हा त्या घरातला न मोडायचा नियम. धडधाकट माणसाने कढण मागितलं तर आजारपणाला आवतण दिल्यासारखं होतं, असं तिचं म्हणणं. मला कढण जिवापाड आवडायचं, पण आवडतं म्हणून ते कधी मिळालं नाही. मागितलं की आई माझ्या कपाळाला हात लावून बघायची. "गार आहे. वरण पी."

पुढे मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं. जंतू, संसर्ग, पचनसंस्था, सगळं फळ्यावर खडूने रेखाटलं. तरी माझ्या संसारातही कढण शिजलं ते मुलीच्या तापातच, आणि ती खेळायला पळाली की पातेली पालथी झाली. शहाणपण डोक्यात असतं; पातेली त्याच्या कितीतरी खाली, हातात उतरलेली असते.

तसं पाहिलं तर आमच्या घराला पातळ पदार्थांचं वावडं मुळीच नव्हतं. उलट, आम्ही भुरके मारणारी माणसं. थंडीत टोमॅटो उतरले की आई टोपलीभर आणायची. ते उकडून, गाळून, नारळाचं दूध आणि गुळाचा खडा घालून केलेलं सार, वर तूप-जिऱ्याची आणि कढीपत्त्याची फोडणी. पहिली वाटी भातावर, दुसरी नुसती प्यायला आणि तिसरी कोणाचं लक्ष नसताना. लग्नाच्या पंगतीत आमसुलाचं सार यायचं, त्या जांभळट लाल पाण्यात मसालेभाताचं सगळं ओझं उतरायचं. आणि रविवारी मिसळीचा रस्सा. नाशकात वाढलेल्या माणसाला रस्सा कसा प्यावा हे शिकवावं लागत नाही. आमचे वडील, म्हणजे अण्णा, पाव बाजूला सारून वाटीच तोंडाला लावायचे, नाकातून पाणी वाहेपर्यंत, आणि मग पोऱ्याला हाक, "अजून रस्सा आण रे!" आई लाजून दुसरीकडे बघायची. हे सगळं भरल्या घराचं, भरल्या पोटाचं खाणं. कढण तेवढं एकटं, पलीकडच्या तीराला.

अण्णा सिन्नरच्या कारखान्यात नोकरीला होते. कधीमधी शनिवारी लवकर सुटले की आम्हाला हॉटेलात न्यायचे. कॉलेज रोडवर तेव्हा नुकती मंद दिव्यांची, काचेच्या दाराची हॉटेलं निघाली होती. पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा आई म्हणाली, "अंधारात जेवायला कशाला आणलंत? ताटात काय पडलंय ते कळायला नको?" वेटरने आधी सूप विचारलं. अण्णा चकित. "जेवायच्या आधी गरम पाणी प्यायचं?" पण समोर मंचाव आलं आणि त्यांची बोलती बंद झाली. गडद तपकिरी, लसणाने आणि मिरीने घमघमणारं, वर कुरकुरीत नूडल्स. त्या दिवसापासून ते मंचावचे भक्त झाले. ऑर्डर नेहमी एकच, 'वन बाय टू'. एक सूप, दोन वाट्यांत निम्मं निम्मं. एक त्यांची, एक माझी. आई सूपाला शिवत नसे. "हॉटेलातलं कढणच ते! आपल्यात कोणी आजारी आहे का?" अण्णा खो खो हसायचे आणि आपल्या वाटीतले चार चमचे माझ्या वाटीत ओतायचे.

त्या चार चमच्यांवर मी अनेक वर्षं जगले. बापाचं प्रेम म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तो चमचा यायचा, टेबलावर थेंब न सांडता अलगद सरकत माझ्या वाटीपर्यंत आलेला. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते त्या हिवाळ्यात तर ते जवळजवळ सगळीच वाटी माझ्याकडे सरकवू लागले. "तू पी, तुझं वाढतं वय." एकोणिसाव्या वर्षी कसलं डोंबलाचं वाढतं वय! पण मला त्याचं किती कौतुक. मैत्रिणींना सांगत फिरले की माझे अण्णा स्वतः उपाशी राहून मला सूप पाजतात.

त्याच हिवाळ्यातली एक संध्याकाळ. अण्णा कामावरून आले, पाय धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, "अगं, आज मला कढण कर."

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. "बरं नाही का?"

"छे गं. इच्छा झाली."

आई बराच वेळ वरच्या फळीकडे बघत राहिली. मग तिने पातेली काढलीच नाही; मूग कुकरला लावले आणि कढण एका स्टीलच्या साध्या भांड्यात केलं. आज मला कळतं की ती फसवायला बघत होती. कोणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. अण्णांनी दोन वाट्या कढण संपवलं, तोंड पुसलं आणि समाधानाने म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो बघ."

मी जवळच बसले होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या वाक्यात जे होतं ते तिला ऐकू आलं होतं, मला नाही. तिने काहीच विचारलं नाही, कारण नियमाप्रमाणे तिने पातेली खाली काढली नव्हती, म्हणजे घरात कोणी आजारी नव्हतं. होळीच्या सुमारास पातेली खाली आली. डॉक्टर म्हणाले, पोटात बऱ्याच आधीपासून सुरू झालं असणार, जरा लवकर यायला हवं होतं. त्यानंतर ती ओट्यावरून वर गेलीच नाही. शेवटी शेवटी कढणसुद्धा चमच्या-चमच्याने जायचं. तेराव्यानंतर आईने ती घासली, पण पालथी घातली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पुढे माझ्या लग्नात माझ्या भांड्यांत ठेवून दिली.

आईचा नियम खोटा होता असं मी म्हणणार नाही. ती तो फक्त उलट्या बाजूने वाचत होती. कढण आजार आणत नाही. आजार आधीच येऊन घरात बसलेला असतो, चपला काढून, पाण्याचा तांब्या मागवून. मग तो कढण मागतो. बिचाऱ्या अण्णांच्या पोटाने मंचाव नको म्हटलं, रस्सा नको म्हटलं, आणि त्या नकाराला आम्ही दोघींनी माया असं नाव दिलं. खरंच, त्या शेवटच्या हिवाळ्यातल्या वाट्या प्रेमाच्या होत्या की मेलेल्या भुकेच्या? दोन्हीच्या असतील. पण हा प्रश्न एकदा पडला की मग आधीच्या चार चमच्यांवरही त्याची सावली पडते, आणि हे मला फार जाचतं.

नवरा आणि मी, आमचंही वन बाय टूच. लग्नाआधी चोरून भेटायचो तेव्हापासूनचं. निवृत्तीनंतर तर गंगापूर रोडवर फेरी मारून येताना सूप प्यायचा आम्हाला नादच लागला. हॉटेलं बदलली, सूपांची नावं लांबलचक झाली, लेमन कोरिअँडर काय नि बर्न्ट गार्लिक काय, तरी वाट्या दोन आणि सूप एक. गेले काही आठवडे तो आपल्या वाटीतलं माझ्या वाटीत ओततोय. "तुला आवडतं ना, घे." मी घेतलं. दोनदा, तीनदा, अनेकदा घेतलं. मनात शंकेची पाल चुकचुकायची. मी तिला हाकलायचे. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकून प्यायची ही आपली सवय, असं स्वतःला समजवायचे. माणूस प्रेमाने चमचा पुढे करतो आणि आपण त्यात काय शोधत बसायचं?

आज मात्र तो माझ्याच ओट्याशी, त्याच पातेलीत डाव फिरवत उभा होता आणि शब्दसुद्धा तेच होते.

आम्ही जेवायला बसलो. मी मेथीची भाजी केली होती, भाकरी होती. त्याने भाकरीचा कोपरा मोडला आणि तसाच ठेवला. कढण मात्र वाटी तोंडाला लावून प्यायला. कपाळावर बारीक घाम आला, चेहरा निवळला. त्याने स्वतःच दुसरी वाटी भरून घेतली, तिच्या तळाचे मूगसुद्धा बोटाने पुसून खाल्ले. मग खुर्चीला टेकून म्हणाला, "किती दिवसांनी पोट भरल्यासारखं वाटलं."

आई समोर बसलीय असं वाटलं, गप्प, वरच्या फळीकडे बघणारी. मी भाकरीचा घास खाली ठेवला.

"किती दिवसांनी?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती दिवसांनी? नीट सांग."

तो हसायला लागला. मी हसले नाही. मग तोही थांबला, रिकाम्या वाटीत बोट फिरवत राहिला.

"दिवाळीपासून असेल," तो म्हणाला. "दोन घास खाल्ले की भरल्यासारखं होतं. म्हटलं, वय झालं."

"मला बोलला का नाहीस?"

"तू सूप मजेत पीत होतीस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पाहिलं आणि पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं. हा माणूस साधा दाढदुखीला घाबरून आठवडा काढतो, दवाखान्याचं नाव काढलं की माझ्याशी तासभर हुज्जत घालतो. मी त्या हुज्जतीची वाट पाहिली. मनापासून, अगदी देव पाण्यात घालून वाट पाहिली.

"बरं," तो म्हणाला. "जाऊ."

तो हात धुऊन बातम्या बघायला गेला. मी भांडी आवरली. पातेलीला चिंच लावली, आईसारखीच गोल गोल घासली, फडक्याने पुसली. बुडाचा तो चेपलेला भाग अंगठ्याला लागला, इतक्या वर्षांत तो तेवढाच राहिला होता. पूर्वी मला वाटायचं की माणसं जातात आणि वस्तू मागे राहतात, त्यांचा आधार होतो. वस्तूंना आपल्यापेक्षा जास्त आठवत असतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. ट्रॉली उघडली. डब्यांच्या मागची तिची जागा रिकामी होती, तिथे हात जाईल एवढी. मी पातेली आतपर्यंत नेली, तिला पालथी घातली. आईने असंच केलं असतं.

मग ती पुन्हा बाहेर काढली, ओट्यावर गॅसच्या शेजारी सुलटी ठेवली, आणि सकाळसाठी तिच्यात मूठभर मूग भिजत घातले.