दुसरीच्या बिल्ल्यावरचा हात

११ फेब्रुवारी १९५५, शुक्रवार. सकाळपासून चक्कीत माती लोटत होते.

चक्की म्हणजे चिनीमाती मळायचं यंत्र. अंबरनाथला कपबशांचा कारखाना होता, तिथे आम्ही बायका त्याला चक्कीच म्हणायचो. वरच्या तोंडातून ओली माती टाकायची. आतली पाती ती मळत आणि खालून कणकेसारखा गोळा बाहेर पडे. माती तोंडाशी अडली की लाकडी दांडक्याने लोटायची. त्या दिवशी दांडकं मोडलं होतं. मुकादम म्हणाला, "हातानं लोट. थांबू नको."

मी हाताने लोटली.

उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पात्यात गेलं. कुणीतरी यंत्राचा पट्टा काढला म्हणून बाकीचा हात बाहेर आला.

दवाखाना कारखान्याच्या आवारातच होता. मुकादमाने मला बाकावर नाही, पायरीवर बसवलं. कंपाउंडरने हातावर औषध ओतलं, कापूस ठेवला आणि पट्टी गुंडाळायला घेतली. चार-पाच वेढे झाले. तेवढ्यात डॉक्टरांनी वही उघडली.

"बिल्ला?"

"एकशे बारा," मुकादम म्हणाला.

"नाव?"

"यमुना."

कंपाउंडरचा हात थांबला. त्याने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"साहेब, ही यमुना नव्हे. यमुना आमच्या आळीतली. ही रुळापलीकडच्या वस्तीतली."

वस्तीचं नाव ऐकल्यावर डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. "मग हिचा बिल्ला कुठे आहे?"

मुकादम छताकडे बघायला लागला.

"पट्टी सोड," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, रक्त वाहतंय."

"पट्टी कारखान्याची आहे. कारखान्याच्या माणसांसाठी. सोड."

त्याने सोडली. एकेक वेढा उलटा. आतला वेढा मांसाला चिकटला होता, तो ओढून काढला. मग ती रक्ताळलेली पट्टी त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हणजे ती परत वापरायची नव्हती. फक्त माझ्या हातावर राहू द्यायची नव्हती.

डॉक्टर बॅग घेऊन उठले. मॅनेजरसाहेबांच्या मुलीला सर्दी झाली होती. बंगल्याची गाडी दारात उभी होती. माझ्या पायाला शिवू नये म्हणून त्यांनी धोतर उचललं आणि पायरी उतरले.

आता बिल्ल्याचं सांगते.

कारखान्यात कायम कामगाराला पितळेचा बिल्ला असे. त्यावर नंबर. सकाळी गेटवर टाइमकीपर नंबर पुकारी, बाई हजेरी देई, की वहीत खूण. या बिल्ल्यावर पगार, बिल्ल्यावर दवाखाना, बिल्ल्यावर बाळंतपणाचा भत्ता. बिल्ला नाही त्याला फक्त काम. तेही मुकादमाच्या मर्जीने, आज आहे, उद्या नाही.

एकशे बाराचा बिल्ला यमुनाचा. ती अंबरनाथ गावातली, घरची भातशेती. कारखाना निघाला तेव्हाच ती लागली आणि कायम झाली. लावणीच्या दिवसांत तिला शेत सोडवेना, नोकरीही सोडवेना. म्हणून तिने बिल्ला मला दिला. पहिल्यांदा लावणीपुरता. मग कापणीपुरता. मग तिला मूल झालं आणि बिल्ला माझ्याकडेच राहिला. पगारातला तिचा वाटा मी दर महिन्याला तिच्या दारात नेऊन द्यायची. मुकादम त्याचा वाटा आधीच कापून घ्यायचा. असं करणाऱ्या आम्ही दोघीच नव्हतो. चक्कीच्या शेडमध्ये अशा अकरा जणी होत्या. टाइमकीपरला ठाऊक, मुकादमाला ठाऊक. डॉक्टरलाही ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

यमुना बाळंत झाली त्या दिवशी वहीप्रमाणे ती चक्कीवर होती. त्यामुळे बाळंतपणाचा भत्ता तिला मागता येईना. आम्ही दोघी त्यावर हसलो होतो. ती ओटीवर बाळ घेऊन, मी अंगणात.

मी तिला वयनी म्हणायची. पैसे पायरीवर ठेवायची. ती त्यांवर पाणी शिंपडून मग उचलायची. मला ते दिसायचं. मी स्वतःला सांगायची, पाणी पैशावर शिंपडते, माझ्यावर नाही. इतकी मी शहाणी होते.

बिल्ला देताना ती म्हणाली होती, "घाबरू नको गो. उद्या काय झाला तर मी हाय ना. माझा बिल्ला तो तुझा बिल्ला."

तीन वर्षं मी यमुना होते. रस्त्यात कुणी "यमुने" म्हटलं तरी मी मागे वळून बघायची.

दवाखान्याच्या पायरीवरून मला देवीदादीने उठवलं. ती फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या कॅम्पातली सिंधी बाई, कपांना कान चिकटवायच्या कामावर. सिंधी लोक थोरल्या बहिणीला दादी म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो. तिने माझ्या पदराने हात आवळून बांधला, टांगा थांबवला.

"कॅम्प के दवाखाने में चल. वो अपने लोगों का है, कार्ड पे दवा देते."

"दादी, माझ्याकडे कार्ड कुठलं?"

"मेरी बहू का है ना. नाम पूछें तो सावित्री बोलना. और कुछ मत बोल. तेरी सिंधी सुनके डॉक्टर मर जाएगा."

मी सावित्री झाले. डॉक्टर चांगला होता. दोन्ही बोटं वाचणार नाहीत हे त्याने तोंडावर सांगितलं आणि कापली. बाकीचा हात वाचवायचा असेल तर रोज पट्टी बदलायला ये म्हणाला. मी रोज गेले. अंबरनाथहून चालत कॅम्पात, चालत परत. सावित्री म्हणून हाक आली की उठायची. हात सडवून तत्त्व सांभाळायची हौस मला नव्हती.

देवीदादी म्हणाली, "अब सरकार के कागज पे मेरी बहू की आठ उंगलियाँ हैं. बेटा पूछेगा तो क्या बोलूँ?" तिची सून पोटुशी होती. सुनेचं बाळंतपण त्याच कार्डावर व्हायचं होतं.

ताप उतरल्यावर मी यमुनाकडे गेले.

कारखान्यात जखमी झालेल्या कामगाराचा खर्च मालकाला द्यावा लागतो, हे मला माहीत होतं. बोट गेलं तर भरपाई मिळते, तसा कायदा आहे, हेही. पण त्याआधी मला दुसरंच हवं होतं. हा हात त्यांच्या चक्कीत गेला आणि तो माझा आहे, एवढं कारखान्याच्या वहीत लिहून घ्यायचं होतं. त्याला यमुनाच्या तोंडचं एक वाक्य पुरेसं होतं. "माझ्या बिल्ल्यावर ती काम करत होती," एवढंच.

ती अंगणात भात वारवत होती. सूप थांबवलं नाही.

"मना बोलावला होता ऑफिसात," ती म्हणाली. "परवा."

"मग?"

"डॉक्टरान हात बघितलं माझं. दोनी हात. दहाच्या दहा बोटां मोजली. कागद लिवला. मी आंगठा केला."

"काय लिहिलं होतं कागदावर?"

"एकशे बारा नंबरच्या बाईच्या हाताला कायपण झाला नाय."

तिने सूप खाली ठेवलं.

"त्यात खोटा काय हाय गो? माझं हात धड हायत. तुझी दोन बोटां गेली, ती काय परत येनार? माझी नोकरी मातर जाईल."

"वयनी, तुम्ही म्हणाला होतात, मी आहे."

"हाय ना. थोडं तांदूल ने घरी."

तिने तांदूळ सुपात घेतले. मला पदर पसरायला सांगितला. वरून ओतायचे म्हणजे सूप मला लागणार नाही.

मी पदर पसरला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिची एक गोष्ट ऐकली नाही. तिला त्याचं आश्चर्य वाटलं. बोटं गेल्याचं वाटलं नव्हतं.

घरी परत येताना मला कारखान्याच्या डॉक्टरचा राग येत नव्हता. डॉक्टर माझा कोण? त्याने कधी वचन दिलं नव्हतं. मुकादमाने कधी गोड बोलून फसवलं नव्हतं, तो उघड उघड कापून घ्यायचा. पण यमुनाच्या नावाने मी तीन वर्षं माती लोटली. तिची नोकरी मी जिवंत ठेवली. मी तापात कामावर गेले तर तिची हजेरी लागली. आणि तिचा अंगठा माझ्या हातावरून फिरला, हात नव्हताच असं म्हणाला.

मग युनियनच्या सेक्रेटरीकडे गेले. भाषणात तो बाबासाहेबांचं नाव घ्यायचा, त्यामुळे माझी आशा जास्त होती. त्याने मला खुर्ची दिली. चहा दिला, तो स्वतः पीत होता तसल्याच कपात. मग वर्गणीची पावती मागितली. पावत्या माझ्याकडे होत्या. तीन वर्षांच्या, एकही महिना चुकलेला नाही. सगळ्यांवर नाव यमुनाचं.

"बाई, तुमची अडचण कळते," तो म्हणाला. "पण थोडं थांबा. मुंबईत कामगारांच्या विम्याचं कार्ड निघालंय. आजारपण, अपघात, बाळंतपण, सगळं त्यात. आपल्याकडेही येईल. मग मालकाच्या दवाखान्याकडे बघायचीसुद्धा गरज नाही."

"त्या कार्डावर नाव कुणाचं असेल?"

"ज्याचा बिल्ला त्याचं. दुसऱ्या कुणाचं असणार?"

त्याने ते सहज सांगितलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला तिथे, त्या खुर्चीवर, लख्ख दिसलं. कायदा आला तो यमुनाच्या नावाने आला. युनियन आली ती यमुनाच्या नावाने. आता विमा येईल, तोही यमुनाच्याच नावाने. चांगली चांगली गोष्ट येत राहील आणि मी चक्कीपाशी दुसरीच्या नावाने उभी असेन. मला कुणी बाहेर ढकलायचीसुद्धा गरज नव्हती. मी वहीत कधी नव्हतेच. आणि तीन वर्षं त्या खोट्या हजेरीला मीच "हजर" म्हणत आले होते. दुसऱ्याने फसवलं त्याचा राग आला होताच. या गोष्टीचा जास्त आला.

देवीदादीला विचारलं, कॅम्पातल्या डॉक्टरने कागदावर माझं खरं नाव लिहून दिलं तर? ती म्हणाली, "बहू को नौवां लगा है. कार्ड गया तो वो कहाँ जाएगी?" मी तो विषय परत काढला नाही. तिने मला नाव उसनं दिलं होतं, माझं नाव खाल्लं नव्हतं. तिच्यात आणि यमुनात फरक होता. पण कागद मला मिळाला नाही तो नाहीच.

एप्रिलमध्ये पट्टी सुटली. त्याच संध्याकाळी मुकादम वस्तीत आला. चपला घालूनच दारात उभा राहिला.

"काम पायजे ना? नव्वदचा बिल्ला हाय. यशोदा गावाला गेली. चाळणीवर बस, डाव्या हातानं बी जमंल."

"माझ्या नावाचा बिल्ला आहे का?"

तो हसला. "तुझ्या नावाचा? मंग हापिसरच व्हय की."

"नसेल तर नको."

"खाशील काय? दोन बोटं?"

घरात सासू होती, ती कण्हत होती. चूल दुपारीच विझली होती. मी हे सगळं पाहूनच बोलले. "नको म्हटलं ना," एवढंच. तो गेला. जाताना म्हणाला, उद्या सकाळी भोंग्याच्या आत आलीस तर बघू.

मग मी बाकीच्या दहा जणींच्या घरी गेले. म्हटलं, एकत्र अर्ज करू, आपापल्या नावाने. एकीने दार लोटून घेतलं. एक रडली. एक म्हणाली, "तुझं बोट गेलं म्हणून तुला सुचतंय." ते खरं होतं. एकही तयार झाली नाही. मी त्यांना दोष दिला नाही, आणि अर्जात त्यांची नावंही घातली नाहीत. ज्याचं नाव त्याने घालायचं असतं.

लहानपणी शाळेच्या व्हरांड्यात बसून मी तिसरीपर्यंत शिकले होते. अक्षर बरं होतं, पण ते उजव्या हाताचं. त्या रात्री डाव्या हाताने लिहिलं. पाच ओळींना चार कागद फाडावे लागले. मी कोण, कुठली, किती वर्षं त्या चक्कीवर होते, कुणाच्या बिल्ल्यावर होते, आणि पट्टी कुणी सोडायला लावली. दुसरीच्या बिल्ल्यावर काम केलं ही माझी चूक, तीही लिहिली. त्याबद्दल शिक्षा व्हायची असेल तर माझ्या नावाने होऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला तेव्हा मी घरात नव्हते, गेटवरही नव्हते. पहिल्या गाडीने ठाण्याला निघाले होते. कामगारांच्या तक्रारी घेतात ती सरकारी कचेरी उघडायच्या आधी मी तिच्या दारात उभी होते. कारकुनाने अर्ज घेतला, चाळला आणि बाजूच्या टोपलीत टाकला.

"झालं. जा."

"पोच द्या."

त्याने कुरकुरत वही ओढली आणि लिहिलं : अंबरनाथ येथील एका जखमी स्त्रीचा अर्ज.

"खोडा," मी म्हटलं. "नाव लिहा."

"नाव अर्जात आहे ना, बाई."

"वहीत लिहा."

मागे रांग लागली होती. कुणीतरी ओरडलं. मी टेबलावर उजवा हात ठेवला, तीन बोटांचा, आणि तिथून हलले नाही. त्याने ओळ खोडली. दौतीत टाक बुडवला. मी माझं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, वस्तीचं सांगितलं, आणि त्याने ते पूर्ण लिहीपर्यंत त्याच्या टाकावरून नजर काढली नाही.