देव्हाऱ्यातला राउटर

कळमन्याच्या धान्यबाजारातल्या एका अडत्याच्या ऑफिसात मी वायफाय बसवलं होतं. नेटवर्किंग हाच माझा धंदा. मी मूळची उमरेडची, आता नागपुरात एकटीच कामं घेते. शेठला एवढंच हवं होतं, की मुनीम, नोकर, खरेदीदार, कोणीही मोबाईल जोडला की त्याला आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, आपोआप मिळावा. दर वेळी कोणी हाताने घालत बसू नये. मुख्य राउटरवर मी तशी सोय केली. वजनकाट्याचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांचे ॲड्रेस तेवढे कायमचे ठरवून दिले.

"सोयाबीनचा सीझन नीट निघाला, की वर्षभराचं काम तुमचंच," शेठ म्हणाले. मला ते काम हवं होतं. फार हवं होतं. अशा एका अडत्याच्या शब्दावर आजूबाजूची दुकानं मिळतात.

ऐन लिलावात फोन आला. मोबाईल वायफायला जोडलेले, पण काही उघडेना, त्यांच्यावरून बिलं निघेनात. मी पोहोचले तर मुनीम सगळ्यांसमोर सुरू: "मी तवाच म्हणत होतो, बाईले काहून देता हे काम?"

मी दोन मोबाईल पाहिले. एकावर मी ठरवलेल्यांपैकी ॲड्रेस होता, दुसऱ्यावर भलताच. म्हणजे ॲड्रेस वाटणारं आणखी कोणी या ऑफिसात बसलं होतं, आणि त्याच्याकडून घेतलेल्या ॲड्रेसवर काही चालत नव्हतं. वायर धरत धरत गेले ती शेठच्या केबिनमधल्या देव्हाऱ्यापाशी. लक्ष्मीच्या फोटोमागे, विजेच्या दिव्याच्या प्लगशेजारी, घरून आणलेला जुना राउटर. केबिनमध्ये रेंज येत नाही म्हणून शेठच्या मुलाने परस्पर जोडलेला.

मी हात पुढे केला तसा मुनीम ओरडला, "थांब वं! हात नको लावू!"

मग शेठ, आवाज जरा खाली आणून, पण दारातल्या खरेदीदारांनाही ऐकू जाईल इतपत: "मॅडम, तुमचं ठीक आहे ना? देवाजवळचं आहे म्हणून विचारून राह्यलो."

माझी पाळी चालू नव्हती. पण ते मी त्यांना कशाला सांगू? मी हात मागे घेतला. ज्याने लावला त्यालाच काढायला सांगा, एवढंच म्हटलं.

मुलगा आला तो फोनवर बोलत बोलत. पायातले बूटही न काढता देव्हाऱ्यात हात घालून त्याने वायर उपटली. त्याला कोणी काही म्हटलं नाही. मी सगळ्यांना वायफाय बंद करून पुन्हा चालू करायला लावलं, तशी बिलं निघू लागली. शेठचा जीव भांड्यात पडला.

"पाहा," ते खरेदीदारांना म्हणाले, "पोरानं हात लावला अन् सुरू झालं."

मी तिथेच उभी होते.

वर्षभराचं काम मुलाकडे गेलं. घरात माणूस असताना बाहेरचं कशाला, असं शेठनी गोड आवाजात सांगितलं. अजूनही त्या रस्त्याने गेले की माझं डोकं फिरतं.

परवा त्याच मुलाचा फोन आला. "मॅडम, नव्या मोबाईलले ॲड्रेसच नाही भेटून राह्यला. काय करू?"

कारण ऐकताक्षणी कळलं. येऊन गेलेल्या खरेदीदारांच्या मोबाईलनी सगळे ॲड्रेस अडवून ठेवले असणार. एक ॲड्रेस किती वेळ राखून ठेवायचा, ती मुदत राउटरवर कमी केली की मोकळे होतात. सोपं काम.

"देवाजवळ ठेवून पाहा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.