नाताळच्या आदल्या दिवशी मोडलेला उपास

नाताळ आला की कामठीच्या आमच्या घरात मला श्वास घ्यायला फुरसत नसते. करंज्या, चिवडा, गल्लीभर फराळाची ताटं पोचवणं, सगळं माझ्याच मर्जीनं व्हायला लागतं. त्या वर्षी मात्र कढई चढलीच नाही. लेकीला सातव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या आणि आम्ही रामदासपेठेतल्या दवाखान्यात येऊन पडलो. मुलगी झाली. एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. मधेच श्वास घ्यायचा थांबायची आणि मशीन ओरडायचं. 

आम्हा ख्रिस्ती लोकांत नवस बोलत नाहीत, पाळकांनी हजारदा सांगितलंय. पण भीतीपुढे कुणाचं चालतं? मी गुपचूप प्रभूला अट घातली, नातीचा श्वास सुरळीत होईपर्यंत अन्नाला शिवणार नाही. प्रार्थना कसली, नुसती घासाघीस! नाताळचा आदला दिवस उजाडला तरी पेटीतला जीव तसाच आणि देव गप्प. मला रागही आला, खोटं कशाला बोलू.

बाहेर बाकावर कुहीकडची एक शेतकरीण बसायची. तिची सून तिथंच बाळंत झाली होती. दुपारी तिनं डबा उघडला.

"काहून बाई, कालपासून पाहून राहिली मी, तुमच्या पोटात काहीच गेलं नाही."

"नातीसाठी उपास आहे," मी म्हटलं.

"अवं माय! लेकरू तिकडं झुंजून राहिलं, अन् तुम्ही इकडं चक्कर येऊन पडसान, तं त्याले कोण पाहीन? तुमच्या देवानं सांगतलं काय असं?"

सांगितलं तर नव्हतं. तिनं भाकर मोडून, वर चून, म्हणजे आपलं पिठलं, घालून माझ्या हातात ठेवली. मी रडत रडत खाल्ली. प्रत्येक घासाला कान मशीनकडे. अट मोडली, आता काही झालं तर पाप माझ्याच माथी, असं वाटत होतं.

हात धुते न धुते तोच नर्स बाहेर आली. बाळाला ऊब मिळावी म्हणून कुणीतरी उघड्या छातीशी धरायचं होतं, आणि लेक तापानं फणफणलेली. "आजी, तुम्ही बसाल? बराच वेळ हलता येणार नाही. जेवलात ना?"

"जेवले," मी म्हटलं आणि अंगावर सर्रकन काटा आला.

तिनं नातीला माझ्या छातीवर ठेवलं. मला एकही प्रार्थना आठवेना. नुसती बसून राहिले. हळूहळू तिचा श्वास माझ्या श्वासाबरोबर चालायला लागला. मशीन गप्प होतं.

त्या बाईचं नाव विचारायचं राहिलंच, पण माझ्या प्रार्थनेत ती रोज असते. देव बाळ होऊन आला, हे मी जन्मभर ऐकत आले होते. तो बाळ होऊन येतो तेव्हा कुणाच्या तरी उबेच्या भरवशावर येतो, हे तेव्हा कळलं. माझा उपास त्याला नकोच होता. पुढं काय होईल हे त्या संध्याकाळी डॉक्टरांनाही सांगता येईना. भीती तेवढीच होती. तरी मी पहिल्यांदाच अट न घालता म्हटलं, प्रभू, ही तुझीच आहे. तू ठेवशील तोवर मी धरून बसते.