उतारावर लागणारा दिवा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिच्यापासून मी काही लपवत नाही — लपवायचं म्हटलं तरी मला जमत नाही — पण हे एवढं राहिलं. तुम्हाला सांगतोय. मधे थांबलो तर थांबू द्या.

विंझरला, वेल्ह्याच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. हाताला गुण आहे, असं लोक म्हणतात. पार किकवीहून गाड्या येतात. इंजिनाच्या आवाजावरून मी दुखणं ओळखतो अशी ख्याती, आणि ती मला फार आवडायची. त्या ख्यातीनंच घात केला म्हणू? नको. तिच्यावर ढकलायला नको, ती काय आपोआप चालत आली होती?

बिरू वरच्या धनगरवाड्यावरचा. त्याच्या थोरल्या भावानं, धोंडिबादादानं, गोठ्यातल्या दुभत्या म्हशी विकून त्याला एक जुनी जीप घेऊन दिली होती. बिरू वडाप करायचा. वाड्यावरची माणसं भरून बाजाराला, दवाखान्याला, तहसिलीला वेल्ह्यात न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. म्हशी गेल्यावर सगळं घर त्या जीपवर होतं. धोंडिबादादा वडाप नसेल त्या दिवशी स्वतः ती धुवायचा, मी पाहिलंय.

एकदा बिरू आला आणि म्हणाला, उतारावर ऑईलचा दिवा लागतोय. कधी लागतो, कधी लागत नाही. इंजिनात तेलाचा दाब पडला की सेन्सर तो दिवा लावतो. मी तेल मोजायची काडी काढून पाहिली, तेल बरोबर खुणेपर्यंत. इंजिन चालू केलं, दिवा विझला तो विझलाच. आता माझ्यासमोर न लागणाऱ्या दिव्याचं मी काय करायचं?

आमच्या या घाटात ड्रायव्हरांना एक खोड आहे. उतार लागला की डिझेल वाचवायला इंजिन बंद करायचं, चावी तेवढी चालू ठेवायची आणि गाडी सोडून द्यायची. खाली गिअर टाकून झटक्यानं चालू करायचं; अशा झटक्यानं इंजिनं जातात, असं सगळे मानतात. इंजिन बंद आणि चावी चालू असली की ऑईलचा दिवा लागणारच, त्यात बिघाड कसला? मला वाटलं, सापडलं. चहाला जमलेल्या चार जणांसमोर मी त्याला तसं म्हणालो आणि हसलो.

"न्हाई ओ मिस्तरी, इंजान चालूच आस्तंय. आईची आन," तो म्हणाला. ते लोकही हसले. बिरूचे कान लाल झाले होते.

तो परत आला. पुन्हा आला. काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं का? होतं ना. सेन्सर काढून त्या जागी दाबाचं गेज बसवायचं, इंजिन चांगलं तापू द्यायचं आणि बिरूच्या शेजारी बसून तो उतार एकदा उतरून यायचं. गेज तिथंच भिंतीला खिळ्यावर लटकत होतं. पण गेजनं बिरूला खरं ठरवलं असतं तर? मी हसलो होतो ना — सगळ्यांसमोर.

म्हणून मी सेन्सरची वायर उपटली. तिच्या टोकाला टेप गुंडाळली, आत दडवली आणि त्याला सांगितलं, नवा सेन्सर टाकलाय, आता नाही लागायचा.

पण मी एवढंच सांगितलं तर ती अर्धीच गोष्ट होईल. बिरू पुन्हा आला होता. म्हणाला, चावी फिरवली की आधी दिवा लागायचा आणि इंजिन चालू झालं की विझायचा, आता तर मुळीच लागत नाही. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, नव्या सेन्सरचं असंच असतं. "बरं," म्हणाला आणि गेला. त्याचा माझ्यावर विश्वास होता हो.

पुढं घाट उतरताना इंजिन जाम झालं. माणसं भरलेली होती, नशिबानं कुणाला लागलं नाही. जीप ओढत माझ्याकडंच आणली. मी खालचं ऑईलचं चेंबर उघडलं. तेल ओढणाऱ्या जाळीवर पॅकिंगच्या पेस्टचा एक सुटा तुकडा चिकटला होता. गाडीचं नाक खाली झालं की तो सरकून जाळीवर बसत असणार, सपाटीला आली की सुटत असणार. दिवा खरा होता. बिरू खरा होता.

मी इकडंतिकडं पाहिलं. तो तुकडा काढला आणि जाळी फडक्यानं पुसून लख्ख केली.

तेवढ्यात धोंडिबादादा आला. चालत आला होता, घामाघूम. त्यानं एकच विचारलं, "मिस्तरी, खरं सांगा. ह्यानं इंजान बंद करून गाडी सोडली व्हती का?" बिरू पाठीमागं उभा होता. त्याला खात्री होती की मी नाही म्हणेन — त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी म्हणालो, तसंच दिसतंय.

जीप भंगारात गेली. दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. बिरूच्या हातात पुन्हा कुणी गाडी दिली नाही, तो हायवेकडं एका कंपनीत माल उचलायला लागला. धोंडिबादादा त्याच्याशी बोलायचा बंद झाला तो कायमचाच. मरेपर्यंत बोलला नाही.

त्याच्या दहाव्याला मी गेलो होतो. नदीवर पिंड मांडलं, आणि कावळा काही शिवेना. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. त्याच्या पोरांनी हात जोडले, आईला सांभाळू म्हणाले. बहिणीनं सांगून पाहिलं. ऊन चढलं. मग बिरू पुढं झाला. पिंडासमोर ओणवा झाला आणि मोठ्यांदा रडत म्हणाला, "दादा, म्याच इंजान बंद केलं व्हतं. तुज्याशी खोटं बोललो. माजंच चुकलं, आता तरी राग सोड."

भावाला सुटका मिळावी म्हणून तो खोटं बोलला, की इतक्या वर्षांत त्याला स्वतःलाच तसं वाटायला लागलं होतं? मला माहीत नाही. मी त्याला विचारलेलं नाही.

कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. बायका म्हणाल्या, मोकळा झाला बाई. कुणीतरी बिरूच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानं इंजिन कधीच बंद केलं नव्हतं. बिरू सोडला तर नदीवरच्या एवढ्या माणसांत ते एकट्या मला ठाऊक होतं. मी चपला घातल्या आणि सगळ्यांबरोबर वर चालत आलो.